दुहेरी

सन्मती मगदूमला वाद घालायला आवडायचं. जयसिंगपूरच्या एका दूध डेअरीत तो शीतगृहांचा इंजिनिअर होता, आणि समोरच्याचं वाक्य मध्येच तोडून "ते तसं नाहीये" म्हणायची त्याची सवय डेअरीत सगळ्यांच्या ओळखीची होती. लग्न झाल्यावर सुरुवातीला अर्पिता त्या तीन शब्दांनी रडकुंडीला यायची. मग तीही वाद घालायला शिकली आणि त्यानंतर दोघांचं चांगलं जमलं. तिची गावाबाहेर रोपवाटिका होती. संध्याकाळी ती मातीचे हात धुऊन आली की स्वयंपाकघरात दोघांचं काही ना काही सुरू व्हायचं, आणि पलीकडच्या खोलीत जपमाळ ओढणाऱ्या सासूबाई, चंपाबाई, दार लोटून घ्यायच्या.

पन्नाशीच्या जरा अलीकडे सन्मतीच्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यांनी अर्पिताला बसवून जे सांगितलं ते ऐकून तिला वाटलं, याला वाचवणं म्हणायचं का. मेंदूचा वरचा भाग शाबूत होता. म्हणजे माणूस आत जागा होता, विचार करत होता. पण शरीराकडे जाणारे आणि शरीराकडून येणारे बहुतेक रस्ते त्या देठातून जातात, आणि तोच निकामी झाला होता. हात नाही, जीभ नाही, पापणीसुद्धा नाही. कान धडधाकट होते, पण त्यांनी टिपलेला आवाज वाटेतच थांबत होता. अर्पिता त्याच्या कानाशी रोज बोलायची. ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

वर्षभराने घरात 'दुवा' आला.

पुण्याच्या एका नव्या कंपनीचं ते यंत्र होतं आणि ते बसवून त्याची देखभाल करायला तस्नीम जमादार नावाची तरुण इंजिनिअर सांगलीहून येत असे. कवटीच्या आत नखाएवढ्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या. बोलण्याची तयारी मेंदूच्या ज्या जागी होते तिथली हालचाल एक पट्टी वाचायची. दुसरी, ऐकण्याच्या जागी, सूक्ष्म विजेने आवाज लिहायची, कानाला वळसा घालून. उशाशी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, तिच्यावर फिरवायची कळ, बोलणाऱ्यासाठी कानात घालायचं, माइक असलेलं यंत्र आणि तारेला लावलेलं हातात धरायचं बटण. कळीला तीन जागा होत्या: एकेरी, पाळी, दुहेरी.

तस्नीमने दोघींना समजेल असं सांगितलं होतं. एकेरी म्हणजे रेडिओसारखं. निरोप एकाच दिशेने जातो. इथे फक्त सन्मतीकडून बाहेर. पाळी म्हणजे पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखं. दोन्ही बाजू बोलू शकतात, पण एका वेळी एकच. बटण दाबून आपण बोलायचं, सोडलं की त्याची पाळी. आणि दुहेरी म्हणजे फोन. दोघंही एकदम बोला, मध्येच तोडा, हसा.

"मग पहिल्यापासून दुहेरीच का नाही?" अर्पिताने विचारलं होतं.

तस्नीम म्हणाली, दोन्ही पट्ट्या अगदी जवळजवळ आहेत. लिहिणारी चालू असते तेव्हा तिची वीज वाचणारीवर सांडते. डोळ्यांवर कोणी टॉर्च मारला की समोरचा माणूस दिसत नाही, तशी वाचणारी पट्टी आंधळी होते. पाळीने बोललं की हा प्रश्न येत नाही. दुहेरीत मात्र आपण काय लिहिलं ते यंत्राला वाचलेल्यातून वजा करावं लागतं, आणि जे उरेल ते त्याचं मानावं लागतं. उरतं ते फार क्षीण असतं. म्हणून पुढे एक अंदाज बांधणारा भाग आहे, मोबाइलवर टाइप करताना पुढचा शब्द सुचतो तसा, पण त्याहून पुष्कळ हुशार. तुटक खुणांवरून तो पूर्ण वाक्य बांधतो आणि सन्मतीच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घेतलेल्या आवाजात ऐकवतो.

एकेरीवर फारसं काही आलं नाही. तस्नीमला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. कोणी ऐकतंय की नाही हे कळत नसेल तर माणूस बोलणं सोडून देतो, ती म्हणाली. मग तिने कळ पाळीवर नेली. अर्पिताने बटण दाबून त्याला हाक मारली, सगळं सांगितलं, बटण सोडलं. दिवा हिरवा झाला. चहा गार होईपर्यंत काही नाही. मग कानात त्याचा आवाज आला, पण सपाट, चढउतार नसलेला: "पाठ."

पाठीखालच्या चादरीला घडी पडली होती, हे तिला पाहिल्यावर कळलं. हात लागल्याचं त्याला कळत नव्हतं, पण कुठूनतरी दुखणं, गारवा एवढं मात्र आत पोचत होतं.

पुढचे काही आठवडे असेच गेले. "थंडी." "नको." "परत सांग." एकेका शब्दासाठी अर्धा अर्धा तास. चंपाबाईंना ते बटण जमेना. त्या दाबून धरायच्या आणि उत्तर का येत नाही म्हणून रडायच्या. अर्पिताला वेगळंच वाटायचं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही, त्याला आपण तोंड बांधून पाळीची वाट बघायला लावतोय. तिने तस्नीमच्या मागे लागून दुहेरी सुरू करून घेतलं.

आणि सन्मती बोलू लागला.

पहिल्याच संध्याकाळी तो म्हणाला, "किती वाट बघायला लावलीस." त्या आवाजात आता चढउतार होते, श्वास होता. ती सांगत असली की मध्ये "हं" यायचं. ती रोपवाटिकेतल्या नव्या शेडबद्दल बोलायची, तो उत्सुकतेने विचारायचा. ती म्हणायची, तुला कंटाळा येत असेल ना. तो म्हणायचा, तू येईपर्यंत येतो. इतकं तर ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही बोलले नव्हते. सकाळी चंपाबाई बसायच्या, संध्याकाळी अर्पिता. घराला पुन्हा घरपण आलं. "ते तसं नाहीये" हे तीन शब्द आता ऐकू येत नाहीत, हे अर्पिताच्या लक्षात आलं होतं. आजाराने माणूस निवळतो, असं तिने मनाशी धरलं.

असे काही महिने गेले. चातुर्मास चालू होता. एका सकाळी चंपाबाई देवघरातून थेट अंगणात आल्या. अर्पिता गाडीत कलमं चढवत होती. सासूबाई म्हणाल्या की सन्मतीने त्यांच्याकडे परवानगी मागितली आहे. त्याला सल्लेखना घ्यायची आहे. अन्नपाणी हळूहळू सोडून, शांतपणे, नमोकार मंत्र ऐकत जायचं आहे.

अर्पिताच्या हातातलं कलम तसंच राहिलं.

चंपाबाईंच्या बोलण्यात कसलाही दुष्टावा नव्हता. त्यांच्या थोरल्या बहिणीने तसाच देह ठेवला होता आणि स्वतःसाठीही त्या कित्येक वर्षं तेच मागत आल्या होत्या. त्या गावात आलेल्या मुनी महाराजांना विचारूनही आल्या होत्या. महाराज म्हणाले होते, व्रत ज्याचं त्याने मागायचं असतं, दुसऱ्याने नाही. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

"आता तोंड मिळालंय की त्याला," चंपाबाई म्हणाल्या. "मी काही शिकवलं नाही, पोरी. तो आपणहून म्हणाला, आई, आता पुरे."

अर्पिता म्हणाली की काल संध्याकाळीच तो तिला म्हणाला होता, पुढच्या उन्हाळ्यात शेडमध्ये पाण्याचे तुषार सोडणारे फॉगर बसवू, मी सांगतो कसे बसवायचे. ज्याला जायचंय तो असं बोलेल का? समोरची खोटं बोलतेय असं दोघींनाही वाटलं, आणि ते दोघींच्याही चेहऱ्यावर दिसलं.

त्या दोघी मिळूनच आत गेल्या. आधी चंपाबाईंनी यंत्र कानात घातलं. पेटीचा बाहेरचा स्पीकरही लावला, म्हणजे दोघींना ऐकू येईल. चंपाबाईंनी विचारलं, बाळा, थकलास ना रे? स्पीकरमधून सन्मतीचा दमलेला, प्रेमळ आवाज आला. हो आई. आता सोडव मला. अर्पिताने यंत्र जवळजवळ हिसकावून घेतलं आणि म्हणाली, सन्मती, तुला माझ्यासोबत राहायचंय ना? त्याच आवाजाने, क्षणाचीही उसंत न घेता, कोवळ्या उत्साहाने उत्तर दिलं. म्हणजे काय! तुला सोडून कुठे जाणार मी?

पलंगावर सन्मतीचा चेहरा होता तसाच होता. अर्पिताने हात पुढे करून स्पीकर बंद केला. चंपाबाई पुटपुटल्या, "दोन माणसं आहेत का गं आत?"

दुपारी तस्नीम आली. तिने आकडे पाहिले, तारा तपासल्या, सगळं ठीक होतं. मग तिने दोघींना जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि कानात यंत्र घालून पलंगाशेजारी बसली. दारातून तिची पाठ दिसत होती. ती काहीतरी हळू बोलली. थोडं थांबली. पुन्हा बोलली. मग तिने यंत्र काढून मांडीवर ठेवलं.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मी माझ्या अब्बांना हाक मारली," ती म्हणाली. "ते जाऊन सहा वर्षं झाली. यांचा न् त्यांचा काही संबंध नाही. मी फक्त म्हटलं, अब्बा, मी तस्नीम, ओळखलंत का? तर म्हणाले, माझ्या लेकीला मी ओळखणार नाही होय?"

मग तस्नीमनेच सांगितलं, दोनदा थांबून. वजाबाकी कमी पडत होती. लिहिणाऱ्या पट्टीची वीज वाचणारीवर सांडत होती, आणि यंत्र ती सन्मतीची समजत होतं. म्हणजे अर्पिता जे बोलायची त्याचाच पुसट प्रतिध्वनी परत यायचा. अंदाज बांधणाऱ्या भागाला तेवढं पुरे होतं. प्रश्न विचारण्याच्या ढबीतच माणूस उत्तर सांगून ठेवतो. ते उचलून तो गोड वाक्य बांधायचा आणि सन्मतीच्या आवाजात द्यायचा.

"म्हणजे इतके महिने मी..." अर्पिता म्हणाली आणि तिथेच थांबली.

"तुमच्याशीच बोलत होतात, ताई."

चंपाबाईंनी विचारलं, मग माझा मुलगा कुठाय? तस्नीमने वजाबाकी वाढवली, पुरेपूर केली. अर्पिताने हाक मारली. काहीच आलं नाही. पुन्हा मारली. यंत्रातून बारीक खरखर फक्त. मग तस्नीमने स्पीकर पुन्हा लावला, कळ एकेरीवर आणली, लिहिणारी पट्टी पूर्ण बंद केली आणि अंदाज बांधणारा भागही काढून टाकला. आता कोणीही काही बोलून उपयोग नव्हता. आत फक्त तो होता, आणि बाहेर ऐकणाऱ्या तिघी. पट्टीला जे मिळेल ते अक्षर पेटी सपाट आवाजात म्हणणार होती, जुळो न जुळो.

तिघी बसून राहिल्या. ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं. चंपाबाईंनी माळ काढली, पण ओढली नाही. पेटी मधूनच एखादं अक्षर म्हणायची, "त", "ना", आणि गप्प व्हायची. मग त्यातली काही अक्षरं पुन्हा पुन्हा येऊ लागली, त्याच क्रमाने. तस्नीम पुढे वाकली. अर्पिताला आधी ऐकू आलं.

"तो. मी. नाही."

जरा थांबून पुन्हा, "तो मी नाही." मग पुन्हा. दार आतून ठोठावत राहावं तसं.

तस्नीमने दोन्ही हातांनी डोकं धरलं. तिच्या लक्षात आलं होतं. फोनवर बोलताना आपला आवाज आपल्यालाही थोडा ऐकू येतो, म्हणून आपण बोलतोय असं वाटतं. तशी सोय या यंत्रातही होती. सन्मतीचं म्हणून जे वाक्य बाहेर पडायचं ते त्यालाही ऐकवलं जायचं. म्हणजे इतके महिने तो अंधारात पडून ऐकत होता. बायको बोलतेय, आई बोलतेय, आणि त्याच्याच आवाजात दुसरंच कोणीतरी त्यांना उत्तरं देतंय. हसतंय. जायची परवानगी मागतंय. तो ओरडत असणार, पण ते ओरडणं त्या वजाबाकीत आणि अंदाजात कुठेच टिकत नव्हतं.

अर्पिताने कळ पाळीवर फिरवली आणि बटण दाबलं. ती म्हणाली की आम्हाला कळलंय, तो दुसरा बंद केलाय, आता फक्त मी बोलतेय. बटण सोडलं. हिरवा दिवा. खूप वेळाने एकच शब्द आला.

"कशावरून?"

बोलणारी खरंच तीच आहे, हे त्याला कसं पटवायचं? दोघांचं गुपित सांगावं, तर ती गुपितं तिने त्या दुसऱ्यालाही सांगितली होती आणि याने ती ऐकली होती. आवाजाची खात्री द्यावी, तर याने महिनोन्महिने स्वतःचाच आवाज खोटा बोलताना ऐकला होता. पलंगावरच्या माणसाला तिचा हात धरता येत नव्हता, तिच्याकडे बघता येत नव्हतं. बटण तिच्या हातातच राहिलं.

चंपाबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं. या वेळी त्यांनी ते नीट दाबलं.

"सन्मती, मी आई. मला सरळ सांग. तुला सल्लेखना घ्यायची आहे का?" आणि त्यांनी बोट उचललं.

पेटी अडखळत, एकेक अक्षर उचलत बोलली.

"मला नाही. तुला हवी तर तू घे."

चंपाबाई आधी दचकल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "हा माझाच," त्या म्हणाल्या. "असलं बोलायला दुसरा कोण धजेल?" मग त्यांनी बटण दाबून त्याला सांगितलं की बरं बाबा, माझं मी बघते, तू तुझं बघ. महाराजांना निरोप गेला की आमच्या घरी कोणी व्रत मागितलेलं नाही.

तस्नीमने कंपनीला सगळं कळवलं. यंत्र घेतलेल्या इतर घरांतही लोक गेले. तस्नीम सांगत होती, बऱ्याच घरांनी वजाबाकी वाढवू दिली नाही. एका गृहस्थांनी तर दार उघडलं नाही. बायको रोज संध्याकाळी बोलते, ती बोलू दे, असं ते खिडकीतून म्हणाले. शेवटी कंपनीने कळीच्या तिन्ही जागा तशाच ठेवल्या. कुठली वापरायची ते घरच्यांनी ठरवावं. सन्मतीला खोटी उत्तरं ऐकू जायची ती वाट मात्र तस्नीमने स्वतः बंद केली.

घरात पुन्हा पाळी सुरू झाली. खरा सन्मती सोपा नव्हता. तो आता थोडंच बोलायचा, आणि बोलला तर बहुधा चिडूनच. पाठ, थंडी, रात्री पंख्याचा वारा. आईशी तो एकदा महावीर जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद घालू शकला, दोन दिवस लावून, पाच-सहा वाक्यांत. चंपाबाई त्यानंतर आठवडाभर खुशीत होत्या. अर्पितावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागत होता. ती काही सांगू लागली की मध्येच थांबून बटण सोडायची, तर काही येत नसे. फॉगरबद्दल तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "त्याला विचार."

त्याच आठवड्यात एका दुपारी, चंपाबाई देवळात गेलेल्या असताना, अर्पिताने कळ दुहेरीवर फिरवली. वजाबाकी जुन्या जागी आणली, अंदाजाचा भागही चालू केला.

"आलीस?" आवाज लगेच आला. "केव्हाची वाट बघतोय."

ती रडली. मग तिने नुसतं काहीबाही सांगितलं, शेडमधल्या जास्वंदीवर आलेल्या माव्याच्या किडीबद्दल, गुडघ्याबद्दल, उगाच. तो "हं" म्हणत राहिला. कोण बोलतंय ते तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती बसून राहिली. फाटक वाजल्यावर तिने घाईने सगळं पूर्ववत केलं.

त्यानंतर सन्मती गप्पच झाला. पाठ नाही, थंडी नाही. तस्नीम येऊन पट्ट्या तपासून गेली. बिघाड काही नव्हता. दिवसभर पेटी एकेरीवर उघडी असायची, कोणीतरी जवळ असायचं. एका संध्याकाळी अर्पिता त्याच्या अंगावरची चादर बदलत असताना पेटी बोलली.

"अर्पिता."

तिने कळ पाळीवर नेली, बटण दाबून "बोल" म्हणाली आणि सोडलं. या वेळी अक्षरं फार रेंगाळली नाहीत. त्याने ती बरेच दिवस जुळवून ठेवली असावीत.

"त्याच्याशी बोलतेस अजून?"

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. त्या दुपारी त्या दुसऱ्याची उत्तरं सन्मतीला ऐकू गेली नव्हती. ती वाट बंद होती. पण तिचं बोलणं तर त्याच्याकडेच जात होतं. तिचं रडणं, मावा, गुडघा, आणि प्रत्येक वाक्यानंतर दुसऱ्या कुणासाठी सोडलेली जागा. तो ते सगळं ऐकत पडून होता.

नाही म्हणता आलं असतं. तिने बटण दाबलं. दाबून धरलेलं असेपर्यंत त्याच्याकडून काही येणार नव्हतं. तिची शांतताच तेवढी त्याच्याकडे जात होती.

"एकदा बोलले," ती म्हणाली. "त्या दुपारी. परत नाही."

तिने बोट उचललं. दिवा हिरवा झाला. चंपाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाहेर अंधारून आलं, अर्पिता उठून दिवा लावणार होती, तेवढ्यात पेटीने एक अक्षर उचललं, मग दुसरं.

"काय म्हणत होता?"